यंदा गाडी हिची

दोन मोसम बाबांनी मला झुलवत ठेवलं. "पुढच्या रॅलीत तूच चालव," म्हणायचे आणि जुन्या गाड्यांची ती रॅली तोंडावर आली की त्यांचा दुखरा गुडघा नेमका बरा व्हायचा. यंदा गुडघ्याने हातच टेकले. बाबांनी गॅरेजची किल्ली माझ्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "यंदा गाडी हिची."

मोटरसायकल आजोबांची, वयाने बाबांपेक्षाही मोठी. हिवाळाभर ताडपत्रीखाली पडून टाकीतलं पेट्रोल शिळं झालं होतं. ते ओतून टाकलं, कार्बोरेटर खोलून साफ केला, भेगाळलेले टायर बदलताना नखं मोडून घेतली. आई म्हणाली, "तुझ्या हातांचा वास आता साबणाच्या बापानेही जायचा नाही." मला तो वास आवडत होता. मी खुशीत होते.

या गाडीची एक खोड आहे. हँडलवर डावीकडे छोटी दांडी आहे. किक मारण्याआधी ती मागे ओढायची, इंजिन चालू झालं की पुढे ढकलायची. विसरलं की किक उलटी येऊन पाय फोडते. बाबांनी मला गाडीला हात लावू दिला तो हे घोकून घेतल्यावरच.

रॅलीच्या आदल्या दिवशी थोरला भाऊ आला. या दादाने आयुष्यात गाडीला साधं फडकं मारलेलं नाही. पण चकाकती टाकी बघून त्याला एकदम आजोबांची आठवण आली.

"बाबा, मी चालवू?"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "चालव की. ही काय, इथेच असते. पुढच्या वर्षी चालवेल."

आयत्या बिळावर नागोबा! पाना भिंतीवर भिरकावावा असं वाटलं. भिरकावला नाही. त्याच पान्याने मागच्या चाकाचे नट आवळले, कारण कितीही झालं तरी बसणार माझाच भाऊ होता.

सकाळी सुरुवातीच्या रेषेवर दादा चष्मा लावून फोटो काढून घेत होता. फोटोसाठी हँडलशी चाळा करता करता त्याने ती दांडी पुढे ढकलली.

"दादा, दांडी मागे घे, मग किक मार."

"दोन मिनिटं गप्प बसशील? लोक बघतायत."

मी बाबांकडे वळले. "बाबा, सांगा ना त्याला."

"करू दे गं त्याला त्याच्या पद्धतीने."

त्याने किक मारली. खाडकन आवाज आला आणि दादा घोटा धरून खाली बसला.

"नीट तयारच केली नाहीस गाडी!" तो माझ्यावर ओरडला. नाचता येईना अंगण वाकडं. पण बाबाही मान हलवत म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, एकदा मेकॅनिकला दाखवायला हवी होती." हे ते कधीच म्हणाले नव्हते.

आयोजकांनी दादाला एका मोटारीत घालून दवाखान्यात नेलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. मोटरसायकल रेषेवरून हलवणं भाग होतं. मी दांडी मागे घेतली आणि किक मारली. पहिल्याच किकला इंजिन लागलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी दांडी पुढे ढकलली, गिअर टाकला आणि निघाले, मैदानाच्या कडेला गाडी घरी न्यायला उभ्या असलेल्या टेम्पोपर्यंत; बाबांनी तिकडेच बोट दाखवलं होतं.

"हळू गं," बाबा मागून ओरडले, "ओरखडा येईल!"

यंदा मी गाडी चालवली ती एवढीच.