लाल तळहात

धुलाईखान्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज बायकांच्या ओल्या तळहातांवर पिवळं फडकं दाबत आणि बघता बघता ते लालभडक होई. पुरुषांच्या हातांवर पिवळंच राही. “रक्ताचा दोष बाईत,” महाराज डोळे मिटून सांगत, “आईचं पाप पोराला फळतं.” कपडे धुण्याच्या हौदावरून थेट बोलावलेल्या बायका माना खाली घालून उभ्या होत्या.

दवाखान्यातल्या लॅबवाल्या बाई आल्या होत्या त्या इस्त्रीवाल्याच्या चार वर्षांच्या मुलीला शोधत. जन्मापासूनच्या आजारामुळे तिला दर महिन्याला रक्त चढवावं लागे, आणि दोन महिने ती दवाखान्यात फिरकली नव्हती. पोर आईच्या खांद्यावर पांढरीफटक पडली होती. परकं रक्त चढवलं की दोष वाढतो, असं महाराजांनी बजावलं होतं, आणि इस्त्रीवाला बायकोला माहेरी धाडायला निघाला होता. बाईंना शिसारी आली. महाराजांची आलीच, पण माना डोलावणाऱ्या गड्यांची जास्त आली.

बाईंनी वाद घातला नाही. इस्त्रीवाल्याला हौदात हात बुडवायला लावला आणि वर महाराजांचंच पिवळं फडकं दाबलं. तेही लाल झालं.

“फडक्याला हळद आहे. धुण्याचा सोडा लागला की ती लाल होते. बायका हौदावर, तुम्ही इस्त्रीवर. बाकी काही नाही.”

अविश्वासाने शक्ती निघून जाते, असं पुटपुटत महाराज पिशवी आवरू लागले. धुलाईखान्याचा मुकादम मात्र हटेना. दवाखान्याच्या यादीतही या दोषाच्या सगळ्या बायकाच कशा, असं त्याने विचारलं.

बाई क्षणभर खजील झाल्या. “कारण आम्ही फक्त गरोदर बायका तपासतो. शंभरात चारेक जणींच्या रक्तात या आजाराचा सुप्त गुण सापडतो. पुरुष तपासले तर त्यांच्यातही तेवढाच निघेल. नुसता गुण असलेला माणूस आजारी नसतो. आई आणि बाप दोघांकडून आला, तरच पोर असं होतं.” त्या इस्त्रीवाल्याकडे वळल्या. “म्हणजे तुमच्याकडूनही आलाय.”

त्याने ओला हात सदऱ्याला पुसून पुढे केला. “मग माझंही रक्त तपासा,” तो कसाबसा म्हणाला.

“तपासू. आधी मुलीला घ्या. आणि पुन्हा कोणी बाईच्या रक्ताला नावं ठेवली, तर त्याला विचारा, पुरुषांचं कुणी तपासलंय का?”

इस्त्रीवाल्याने बायकोच्या खांद्यावरून मुलीला घेतलं. तिघं बाईंबरोबर दवाखान्याच्या वाटेला लागली.