खऱ्या खोक्यातला खोटा फिल्टर

घरात कुणी डॉक्टर, वकील किंवा मेकॅनिक असला की बाकीच्यांना मोठा आधार वाटतो. आणि त्या आधाराच्या भरात माणसं एक गोष्ट कायमची सोडून देतात, ती म्हणजे विचारणं. घरच्या माणसाला काय विचारायचं? त्याला काय वाटेल? या भिडेपायी किती घरांचं वाटोळं झालं असेल, कुणास ठाऊक. वहिनींच्या घराचं त्या सकाळी होता होता राहिलं.

सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणे. त्या शाळेत भूगोल शिकवत आणि शिकवताना फळ्यापेक्षा स्वतःच्या आवाजावर जास्त भिस्त ठेवत. त्यांचे यजमान म्हणजे दादा. दादांची मूत्रपिंडं निकामी झाली होती, त्यामुळे एक दिवसाआड डायलिसिस. केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथं वेळ ठरलेली असे, आणि ती चुकली की खुर्ची दुसऱ्याला जाई. म्हणून घरात एक जुनी जर्मन गाडी घेतली होती, आणि ती घ्यायला लावली होती दादांच्या धाकट्या भावानं.

या धाकट्याला सगळे 'जर्मन' म्हणत. त्याच्या गॅरेजात फक्त जर्मन गाड्या येत. बाकीच्या गाड्यांना तो पत्र्याचे डबे म्हणे. मित्रांनी चेष्टेनं पाडलेलं नाव इतकं रुळलं की सख्खी आईसुद्धा "जर्मन, जेवायला ये" अशी हाक मारू लागली. जर्मन भाषेतला एक शब्दही त्याला येत नव्हता, पण हात चांगला होता आणि बोलणं त्याहून चांगलं. दादांची गाडी अर्थातच त्याच्याकडे जाई. काय बदललं, कुठला भाग घातला, हे वहिनींनी कधी विचारलं नाही. उलट शाळेतल्या निम्म्या शिक्षकांना त्यांनीच सांगून ठेवलं होतं, "माझ्या दिराकडे द्या, डोळे झाकून द्या."

त्या सकाळी वहिनी गाडी चालवत होत्या. शेजारी दादा मान मागे टाकून बसले होते. मध्ये सुट्टी आल्यामुळे एक खेप चुकली होती, अंगात पाणी साठलं होतं, आणि दर चार शब्दांनंतर त्यांना थांबून श्वास घ्यावा लागत होता. उड्डाणपुलाच्या ऐन मध्यावर समोर तेलाचा लाल दिवा लागला. मागोमाग इंजिनातून खडखड ऐकू आली. वहिनींनी गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली. पुन्हा सुरू करून बघायला गेल्या, तर नुसता कण्हल्यासारखा आवाज आला.

"काय झालं?" दादांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही बोलू नका, श्वास घ्या."

पुलावर थांबायला जागा नव्हती. मागून हॉर्नचा नुसता गोंगाट चालला होता. एकही गाडी थांबेना. वहिनी रस्त्यात उतरून हात करत होत्या, आणि काचेतून त्यांना दादांचा चेहरा दिसत होता. ओठ निळसर पडत चालले होते. शेवटी एका टेम्पोवाल्यानं दोघांना पुढं बसवून घेतलं. त्याचं नाव विचारायचंही वहिनींना सुचलं नाही.

केंद्रात पोचेपर्यंत दादांची खुर्ची गेली होती. पण तिथल्या सिस्टर अनुभवी होत्या. त्यांनी दादांकडे एकदा पाहिलं, कुणालाही न विचारता राखीव मशीन सुरू केलं आणि ऑक्सिजन लावला. मग एक पाकीट दादांच्या डोळ्यांसमोर धरलं. रक्त गाळायची नळकांडी त्यात असते.

"दादा, नंबर वाचा."

दादांनी धापा टाकत वाचला. सिस्टरांनी पाकीट फोडलं, आतल्या नळकांडीवरचा नंबर दाखवला. तोही वाचून घेतला. दोन्ही जुळले, तेव्हाच नळ्या जोडल्या.

हा प्रकार वहिनी दर वेळी बघत होत्या आणि दर वेळी त्यांना तो उगाचचा सोपस्कार वाटे. आज त्यांचं डोकं आधीच ठणकत होतं.

"सिस्टर, माणसाला श्वास घेता येईना आणि तुम्ही वाचायला कसलं लावता? आमचा विश्वास आहे तुमच्यावर."

सिस्टर काही रागावल्या नाहीत. पट्टी चिकटवता चिकटवता म्हणाल्या, "तुमचा आहे हो. माझाच माझ्यावर नाही. दिवसभर एकासारखी एक पाकिटं फोडते मी. एखाद्या दिवशी माझा हात चुकला तर कोण बघणार? गाळणी आतून कशी आहे ते वरून दिसत नाही, वहिनी. दिसतं ते माणूस बिघडल्यावर. म्हणून जोडायच्या आधी दोघांनी बघायचं. त्यात अपमान कसला?"

दादांचा श्वास हळूहळू खाली बसला. ते झोपल्यावर त्या तिथून निघाल्या आणि तडक गॅरेजात गेल्या. त्यांनी केंद्रातून फोन करून बोलावलेल्या क्रेननं गाडी तिथं आणून सोडली होती.

जर्मन बॉनेट उघडून उभा होता. "दादा बरा आहे ना? मला फोन नाही का करायचा, वहिनी? मी उडत आलो असतो."

"काय झालंय गाडीला?"

"बघतो. पेट्रोलमध्ये काहीतरी भेसळ असणार. हल्ली काय सांगता येत नाही."

या गाडीत तेलाचा फिल्टर बाहेर दिसत नाही. प्लास्टिकचं एक झाकण असतं, त्याच्या आत घड्या घातलेल्या कागदाची गोल गाळणी बसते. इंजिनाचं सगळं तेल तिच्यातून जातं. जर्मननं पान्यानं झाकण फिरवलं, वर उचललं, आणि त्याचा हात तिथंच थांबला. झाकणाला जे लटकत होतं ते चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखं झालं होतं. डिंक सुटला होता, घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि एका बाजूचा कागद मुळी जागेवरच नव्हता. तो फाटून तेलाच्या वाटेत जाऊन बसला होता. तेल अडलं आणि इंजिन कोरडं पडलं.

"हे काय, भाऊजी?"

"फिल्टर आहे."

"ते मला दिसतंय. तुम्ही नुकताच बदलला होता ना?"

"एखादा पीस खराब निघतो कधी कधी."

वहिनींनी तो त्याच्या हातातून घेतला. "हात खराब होतील," तो म्हणाला. "होऊ देत," म्हणत त्यांनी तो पदराला पुसला, उजेडात धरला, फिरवून फिरवून पाहिला.

"याच्यावर नंबर कुठाय?"

"नंबर खोक्यावर असतो."

"आणि आतल्या वस्तूवर?"

जर्मन हातातला पाना पुसू लागला. खऱ्या फिल्टरच्या कडेला कंपनीचं नाव आणि नंबर छापलेला असतो, घड्या सारख्या अंतरावर असतात, कडा घट्ट असतात, सोबत येणारं रबरी कडं झाकणात चपखल बसतं. त्याला हे पाठ होतं. आणि वहिनींच्या हातातल्या कागदावर यातलं एकही चिन्ह नव्हतं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खऱ्या फिल्टरची रिकामी खोकी जर्मन टाकत नसे. नीट जपून ठेवी. एक विक्रेता पोत्यातून सुटे, बिननावाचे फिल्टर आणून देई. ते त्या खोक्यांत जात आणि खोकी फळीवर.

"सगळेच करतात, वहिनी," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाला खोकं लागतं हो. खोकं दिसलं की खूश. आत काय आहे ते आजवर एकानं बघितलेलं नाही. आणि वरून आहेच, जरा कमी करा, जरा कमी करा. मी तरी काय करू?"

"कमी करा म्हणणाऱ्याला सांगायचं, यापेक्षा कमी होत नाही. नाहीतर दुसऱ्या चांगल्या कंपनीचा घ्या, तो त्याच्या स्वतःच्या नावानं, स्वतःच्या खोक्यात विका. त्याला कोण नाही म्हणतंय? हे काय आहे? हे लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकणं आहे!"

जर्मनला वाटलं, आता घरची गोष्ट काढली तर वहिनी शांत होतील. "पण दादाच्या गाडीला मी जाणून कधी तसला लावला नाही. देवाशपथ. त्याच्यासाठी खरे वेगळे काढून ठेवतो मी, वरच्या फळीवर. मला काय भावाची काळजी नाही?"

वहिनी शांत होण्याऐवजी अशा भडकल्या की गॅरेजातली हातोडी थांबली.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं!"

"वहिनी..."

"चूक झाली म्हणाला असतात तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. फसवलं गेलो म्हणाला असतात तरी. पण भावासाठी खरा वेगळा ठेवता, म्हणजे खोट्यानं काय होतं ते तुम्हाला पुरतं ठाऊक होतं. मग बाकीच्या गाड्यांत कोण बसतं, भाऊजी? त्यांच्या घरी आजारी माणूस नाही? माझ्या शाळेतली माणसं मी माझ्या तोंडानं तुमच्याकडे धाडली. त्यांना मी आता काय सांगू? की भाऊजींनी तुम्हाला परकं समजून कागद घातला?"

जर्मनची मान खाली गेली. पण वहिनींचं अजून संपलं नव्हतं.

"काढा तो दादांसाठी ठेवलेला. बघू दे मला."

तो स्टुलावर चढला, वरच्या फळीवरचं खोकं काढलं आणि उघडलं. बिननावाचा. दुसरं उघडलं. तेही तसलंच. त्याचे हात घाईनं चालू लागले. खोकं उघडायचं, आतला कागद बघायचा, खाली टाकायचं. वरची फळी संपली, मधली संपली. खोकी सगळी खरी, एकासारखी एक, तीच छपाई, तेच रंग. कधीतरी गडबडीत भरलेली खोकी वर गेली होती आणि खरी खाली आली होती, आणि हे त्याला कळायला मार्गच नव्हता. कारण कुणाला कळू नये अशीच तर सगळी तजवीज त्यानं केली होती! शेवटी खालच्या फळीवर, येईल त्या गिऱ्हाइकाला द्यायच्या ढिगात, खरा फिल्टर सापडला. भावासाठी राखलेला फिल्टर असाच कुणाच्याही गाडीत गेला असता, आणि भाऊ मात्र पुलावर गुदमरला होता.

बघा, वाचकहो! ज्यानं खोटं भरलं त्यालाच आपल्या माणसासाठी खरं शोधून काढता येईना.

जर्मन उघड्या खोक्यांच्या पसाऱ्यात खाली बसला. "मीच घातला," तो म्हणाला. "माझ्या हातानं घातला दादाच्या गाडीत."

वहिनींनी त्याला पाणीही विचारलं नाही. त्या तशाच केंद्राकडे परतल्या. वाटेत त्यांना रडू आलं, पण ते रागाचं होतं.

संध्याकाळी जर्मन घरी आला. दादा पलंगावर उशीला टेकून बसले होते. हा दाराशीच उभा राहिला आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग म्हणाला, "दादा, मला माफ कर. वहिनींनाही सांग. त्या माझ्याकडे बघतही नाहीत."

दादा मऊ स्वभावाचे. आयुष्यात त्यांनी या भावाला एक चापट मारली नव्हती. वहिनींना धास्ती होती की ते आता "जाऊ दे" म्हणतील आणि विषय तिथंच मिटेल.

"माझी माफी मागायला आला असशील तर चहा घे आणि घरी जा," दादा म्हणाले. "मला उचलायला ही होती, टेम्पोवाला होता, सिस्टर होत्या. ज्यांच्या गाड्यांत तो कागद अजून आहे त्यांना कुणी सांगितलंय का? त्यांच्याकडे जा आधी. ते काय म्हणतात ते ऐक. मग ये."

"दादा, धंदा बसेल माझा."

"बसू दे. मीही आज पुलावर बसलोच होतो."

जर्मननं चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो एकेकाला फोन करू लागला. काहींनी त्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्या, काहींनी ओरडून गाडी दुसरीकडे नेली, एकानं पोलिसांत तक्रार केली आणि जर्मननं तिथंही जाऊन खरं ते सांगितलं. त्या विक्रेत्याचं नावही सांगितलं. शाळेतल्या शिक्षकांना मात्र वहिनींनी स्वतः सांगितलं, वर्गात शिकवतात त्या आवाजात, सगळ्यांसमोर. गॅरेजात बरेच दिवस सामसूम होती. आता पुन्हा थोड्या गाड्या येतात. फिल्टर गिऱ्हाइकासमोर उघडला जातो, खोक्यावरचा आणि आतला नंबर गिऱ्हाईक स्वतः वाचतो, जुना फिल्टर त्याच्या हातात दिला जातो आणि रिकामं खोकं तिथल्या तिथं फाडलं जातं. दुरुस्त झालेल्या दादांच्या गाडीलाही तोच नियम आहे. वहिनी नंबर वाचतात, दोनदा वाचतात, आणि जर्मन मुकाट्यानं उभा राहतो.

वहिनींचा राग अजून पुरता गेलेला नाही. तो जाऊही नये असं आम्हाला वाटतं, कारण राग लवकर जातो म्हणून तर असली खोकी पुन्हा पुन्हा भरली जातात.

तेव्हा, मंडळी, गाडी असो, औषध असो की बाळाच्या दुधाचा डबा, भीड सोडा. विकणारा भाऊ असला तरी "उघडून दाखव" म्हणा. स्वस्त मागा, पण खोट्या नावाचं मागू नका. आणि विकणाऱ्यांनो, आपल्या माणसासाठी चांगली वस्तू बाजूला ठेवायची वेळ आली, की हातातलं काम थांबवा. जी वस्तू आपल्या भावाला चालत नाही, ती कुणाच्याच भावाला विकायची नसते.