टेंपरवारी कप्पा

मी टेंप बोलतोय. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात, ऑफिसच्या कोपऱ्यात, फुलाफुलांचं कापड पांघरलेला एक संगणक आहे. त्याच्या पोटातला मी एक कप्पा. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला आम्ही इथे आलो तेव्हा नारळ फुटला होता आणि लोक चपला बाहेर काढून आम्हाला बघायला आले होते.

माझा शेजारी पक्का कप्पा. त्याच्यात ठेवलेलं कायम राहतं. माझं तसं नाही. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की मला झाडून लख्ख करतात. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. विसरणं हाच माझा धर्म. त्यात वीज तयार होते शेजारच्या तारापूरला, तरी लाइट जाते बोईसरात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यामुळे माझी झाडलोट सारखीच चाले.

संगणकाचं काम नरहरी साहेब बघत. माणूस हुशार, पण नाकावर राग. आमच्यात प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना 'मी चालू आहे' अशी चिठ्ठी ठेवतो, म्हणजे तोच प्रोग्राम कुणी दुसऱ्यांदा सुरू करू नये. काम संपलं की चिठ्ठी स्वतःच फाडतो. या चिठ्ठ्या साहेबांनी पक्क्या कप्प्यात ठेवल्या होत्या. "महत्त्वाचं ते पक्क्यात," असं त्यांचं म्हणणं.

मग सातपाटीची शकू आली. कोळ्याची पोर, टायपिंग शिकलेली. रंग बनवायच्या जुन्या कृती संगणकात भरायचं काम तिला मिळालं. "शनिवारी मालक येतील. काम आवडलं तर तुला पर्मनंट करा म्हणून सांगतो," साहेब म्हणाले. पोरगी जीव ओतून कामाला लागली. पण फाइल कुठे ठेवायची, हे तिला कुणी सांगितलंच नाही. कप्प्यांची नावं बघता बघता तिला माझं 'टेंप' हे नाव दिसलं. कारखान्यात कच्च्या कामगारांना सगळे 'टेंपरवारी' म्हणत. त्यांचा पाण्याचा माठसुद्धा वेगळा. तिला वाटलं, हा कप्पाही आपल्यासारख्यांसाठीच असणार. सगळ्या कृती तिने माझ्यात ठेवल्या. मला तोंड असतं तर ओरडलो असतो!

आम्हाला रात्रीही बंद करत नसत, आणि दोन दिवस लाइट नशिबाने टिकली होती; शुक्रवारी सकाळीच ती गेली. आली तेव्हा मी रिकामा होतो. आणि कृती भरायचा प्रोग्राम तर सुरूच होईना. 'मी आधीच चालू आहे,' म्हणून हटून बसला. लाइट अचानक गेल्यावर चिठ्ठी फाडायला त्याला वेळ कुठे मिळाला होता? ती पक्क्या कप्प्यात तशीच पडून होती. लाइट गेली की दर वेळी हेच व्हायचं, आणि साहेब यंत्राला शिव्या घालत ती हाताने काढायचे.

"साहेब, माजं काम कुटं गेलं?" शकूने पडद्याकडे बोट दाखवत विचारलं.

"कुठे ठेवलं होतंस?"

"टेंपमदी. मी टेंपरवारी हाय ना!"

साहेबांनी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. खुर्ची ओढून त्यांनी तिला दोन्ही कप्पे आणि अडकून बसलेली चिठ्ठी नीट समजावून सांगितली. शकू डोळे पुसत ऐकत होती.

"म्हंजे ओली मासली टोपलीत नि सुकी कोठीत," ती म्हणाली. "टोपली तर रोज धुत्यात. मी सुकी टोपलीत ठेवली, ती धुन्यात गेली. नि तुमची ती चिठ्ठी? ओली मासली कोठीत ठेवलीव तुमी. नासनार नाय तर काय!"

साहेब कितीतरी दिवसांनी हसले. त्या दिवसापासून चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या. लाइट गेली की माझ्याबरोबर त्याही झाडल्या जातात आणि प्रोग्राम निमूटपणे उठतो. शकूने जेवणाचा डबाही न उघडता कृती पुन्हा भरायला घेतल्या, या वेळी पक्क्यात.

शनिवारी मालकांनी कृती पाहिल्या. खूश झाले. साहेबांनी शकूसाठी शब्द टाकला. मालक म्हणाले, "काम तर झालं. आता मुलगी कशाला हवी?"

कृती पक्क्या झाल्या, शकू नाही. मला फार लागलं ते.

निघण्याआधी ती आमच्यापुढे येऊन बसली. यंत्राला मराठी अक्षरं येत नाहीत, म्हणून इंग्रजी अक्षरांत तिने दोनच शब्द लिहिले, 'मी हाय'. आणि ते माझ्यात ठेवले. आता तिला सगळं कळत होतं, तरी माझ्यातच ठेवले. मग पिशवी उचलून ती स्टेशनकडे गेली.

ठेवणारी गेली आणि चिठ्ठी राहिली. अशी चिठ्ठी झाडलीच पाहिजे, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण उमरोळीकडून ढग चढतायत, पंखा मंद झालाय. बाबांनो, आज तेवढी लाइट घालवू नका.