अंगठ्यांची माळ

"दोन हजार वर्षं," नागपूरचे साहेब म्हणाले आणि हातातलं खापर त्यांनी तान्ह्या पोराची टाळू धरावी तसं अलगद उन्हात धरलं.

खड्ड्याच्या काठावर अर्धं गाव जमलं होतं. सगळ्यांत पुढे रंगराव गाडीवान. फेटा नीट, छाती पुढे. नजर मात्र खापर सोडून सगळीकडे. कारण हे दोन हजार वर्षांचं खापर काल दुपारपर्यंत त्याच्याच न्हाणीत, फुटक्या माठाच्या रूपानं, पाणी गाळत बसलं होतं.

आता हे झालं कसं, ते ऐका. गावाच्या उगवतीला पांढऱ्या मातीचं टेकाड होतं. कधीच्या काळी उजाड झालेल्या वस्तीची ती माती. दर उन्हाळ्यात लोक ती आणून घरांच्या धाब्यांवर पसरत, म्हणजे पावसाळ्यात छत गळत नसे. वाहायची ती रंगरावच्या गाडीनं. माती भरता भरता तो त्या वस्तीच्या गोष्टी सांगे. तिथल्या राजाची भाकरी एवढी मोठी, की तव्यावर उलटायला बैलजोडी जुंपत. राणीच्या नथीतून बघितलं की साखरखेर्ड्याचा सबंध बाजार दिसे. रंगराव खोटं बोलत नसे. नुसतं खरं त्याला पुरत नसे, एवढंच.

ही कीर्ती साहेबांच्या कानांवर गेली. जुन्या वस्त्या शोधणं हेच त्यांचं सरकारी काम. देऊळगाव राजाहून ते बैलांच्या दमणीत बसून आले, तंबू ठोकला, खणायला माणसं लावली. निघाली ती नुसती राख. वरचा सगळा थर रंगरावनंच वर्षानुवर्षं गावाच्या डोक्यावर नेऊन पसरला होता, हे त्याच्याही ध्यानात आलं ते तेव्हा. साहेब सामान आवरायला लागले. हिंमतराव पाटलांनी चावडीवर सगळ्यांदेखत विचारलं, "काय बे रंग्या, राजा जाताना भाकर बी घेऊन गेला का?" गाव खदखदून हसलं. बायको गोजरबाईसुद्धा पदराआड हसली, ते त्याला फार लागलं. दुसऱ्या दिवशी माणसं जेवायला पांगल्यावर त्यानं माठाची खापरं राखेत घोळली आणि खड्ड्याच्या भिंतीत खुपसून दिली.

"हे बघा," साहेब सांगत होते, "गळ्याखाली अंगठ्यांच्या ठशांची माळ. प्रत्येक ठसा थोडा डावीकडे झुकलेला. काय डौल आहे! हे जुन्या लोकांनीच करावं. आताच्या कुंभारांना हा हात नाही."

सत्यभामाबाई कुंभारीण तिथेच मातीची टोपली घेऊन उभी होती. तिचा नवरा निवृत्ती चाकावरून माठ उतरवी. ओल्या गळ्यावरची माळ मात्र तिची. माठ भाजायच्या आव्यात पोळून तिचा अंगठा वाकडा झाला होता, म्हणून ठसा डावीकडे झुके. तिनं खापराकडे पाहिलं, आणि मग रंगरावकडे.

कोणीतरी साहेबांना सांगितलं, ही कुंभाराची बाई. साहेब कौतुकानं वळले. "काय बाई, येईल का तुम्हाला असं?"

 तिनं एक शब्द काढायचा अवकाश, रंगरावला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"नाही जी," ती म्हणाली. "आम्हाले कुठलं येते?"

आणि अंगठा मुठीत दाबून, टोपली उचलून ती चालू लागली.

खापर कापसात गुंडाळून साहेब गेले. पाटलांनी रंगरावला शेजारी बसवून विडा दिला. तो त्यानं न खाताच फेट्यात खोचला. लोक म्हणाले, राजाची गोष्ट होऊन जाऊ दे. रंगराव, जन्मात पहिल्यांदाच, गोष्ट टाकून बैलांना पाणी दाखवायला उठला.

पुढच्या आठवड्यात तो आपल्या धाब्यावर टेकाडाची माती सारखी करत होता. फावड्याला काहीतरी लागलं. तळहाताएवढं खापर, आतून काळं. त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसलं. गळ्याखाली अंगठ्यांची माळ. ठसे सरळ होते. बाकी तीच ठेवण, तेच अंतर. हे कोणी पुरलेलं नव्हतं. त्यानं एका ठशात आपला अंगठा ठेवून पाहिला. मावला नाही. बाईचा अंगठा असावा.

तो तसाच कुंभारवाड्यात गेला. माठ हवा, हे निमित्त. सत्यभामाबाईपुढे त्यानं खापर ठेवलं. तिनं ते फिरवून फिरवून पाहिलं.

"सासूनं शिकवलं व्हतं मले," ती हळूच म्हणाली. "तिले तिच्या सासूनं." आणि खापर तिनं देवळीत ठेवून दिलं.

निवृत्तीनं नवा माठ आणला. त्याचा गळा कोरा होता. भिंतीशी मांडलेल्या सगळ्याच माठांचे गळे कोरे होते.

"वैनी, माळ काऊन नाही काढली?"

"साहेबानं सांगतलं ना भाऊ, आताच्या कुंभाराले तो हात नाही. म्या बी चारचौघांत येत नाही म्हटलं. आता कोणत्या तोंडानं काढू?"

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

रंगरावनं माठ खांद्यावर घेतला. एरवी माळेच्या खाचांत बोटं रुतत आणि माठ हलत नसे. आज गुळगुळीत गळ्यावरून हात सारखा घसरत होता. शेवटी त्यानं माठ दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि चावडी टाळून, मागच्या वाटेनं, तो घराकडे निघाला.