माळ्यावरची सीट

रक्त तपासायच्या लॅबमध्ये तिला सगळे ताई म्हणत, तेव्हा आपणही ताईच म्हणू. सकाळी सात ते दुपारी तीन ती लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढायची आणि नळीवर नावाची चिठ्ठी चिकटवायची. चिकटवण्याआधी माणसाला त्याचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची. आठ वर्षांत तिच्या हातून एकही नळी इकडची तिकडे झाली नव्हती. घरी नवरा होता, चार वर्षांची बबडी होती आणि सासरे होते, ज्यांना शेजारपाजारचेही अप्पा म्हणत. अप्पांनी उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात काढली होती. आता बबडीला गाडीनं बालवाडीत सोडायचं नि आणायचं, एवढंच त्यांचं काम उरलं होतं आणि त्या कामावर त्यांचा भारी जीव होता.

अप्पा आठ दिवस बहिणीकडे गेले होते, तेव्हा एका रविवारी ताईनं माळा आवरायला काढला. नवरा शिडीवर चढून एकेक वस्तू खाली देत होता. सगळ्यात मागं, जुन्या चादरीत गुंडाळून सुतळीनं करकचून बांधलेली बबडीची जुनी कार सीट निघाली. गाठी सोडवताना ताईची नखं दुखली. गाठोडं बांधावं तर अप्पांनीच, असं म्हणून दोघंही हसले. गेल्या वर्षी अप्पांनी आपण होऊन नातीला मोठी सीट आणली होती आणि ही वर ठेवून दिली होती. तान्ह्या बाळापासून चालणारी, चांगल्या बनावटीची, करड्या रंगाची सीट. ताईनं कापड काढून धुतलं, उन्हात वाळवलं, फोटो काढला आणि आईबापांच्या एका ग्रुपवर टाकला.

त्याच दुपारी एक बाई आपल्या आईला घेऊन आली. नववा महिना लागलेला. बसस्टँडजवळ चष्म्याच्या दुकानात कामाला असते म्हणाली. या चष्मेवालीनं सीट बघितली ती आजवर कुणी भाजीही बघितली नसेल अशी. उलटी करून खालचा शिक्का वाचला, कोणत्या वर्षी बनली ते बोटांवर मोजलं, पट्टे ओढून पाहिले, बक्कल दहा वेळा लावलं नि काढलं, माहितीपुस्तिका मागितली. तिची आई कंटाळून म्हणाली, अगं, सीट घ्यायचीय की जावई? चष्मेवाली हसली नाही.

"ही कधी अपघातात सापडलीय का?" तिनं विचारलं. "आत मूल नसलं, रिकामी असली, तरी सांगा."

"नाही," ताई म्हणाली. "एकदाही नाही. आमचे सासरे चालवतात गाडी. सायकलवाले पुढं जातात त्यांच्या."

तेव्हा कुठं चष्मेवाली मोकळी हसली. म्हणाली, बाकीचं डोळ्यांना दिसतं हो, एवढंच दिसत नाही. ते घरच्या माणसानंच सांगावं लागतं. मग दोघी मायलेकींनी सीट रिक्षात घातली आणि गेल्या.

अप्पा बुधवारी परतले. चहा पिताना त्यांची नजर माळ्याकडे गेली. तिथलं गाठोडं कुठंय, असं त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं. ताईनं हौसेनं सगळं सांगितलं. ती बाई किती चौकस होती, तिची आई काय बोलली, तेही सांगितलं. अप्पा बरं म्हणाले. कप तसाच ठेवून आत जाऊन पडले. दोन दिवस ते जेवायला बसत आणि ताटातलं चिवडून उठत. नवरा म्हणाला, प्रवासाचा शीण असेल.

शुक्रवारी सकाळी ताईनं पुढचा नंबर पुकारला आणि अप्पा आत आले. टोकन घेऊन, रांगेत बसून आले होते. ती घाबरलीच. काय होतंय म्हणून विचारत तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, बाही वर सारली.

"मला काही होत नाही," अप्पा म्हणाले. "घरी बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून इथं आलो. ती सीट द्यायची नव्हती गं."

मग खुर्चीच्या हातावर हात तसाच उघडा ठेवून त्यांनी सांगितलं. गेल्या वर्षी ताईच्या आईचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती, नवरा आणि बबडी बारा दिवस तिकडे होते. त्या दिवसांत अप्पांची गाडी उभ्या ट्रकवर मागून आदळली. उन्हाची तिरीप डोळ्यांत आली होती, असं ते म्हणाले. मग म्हणाले, नाही, माझंच लक्ष नव्हतं. गाडीचं तोंड पार आत गेलं. अप्पांना खरचटलंसुद्धा नाही. मागच्या सीटवर बबडीची सीट पट्ट्यानं बांधलेली होती, रिकामी. ही मंडळी परतायच्या आत त्यांनी गाडी दुरुस्त करून, रंगवून घेतली. गॅरेजवाल्यानं बजावलं होतं की मुलाची सीट आता टाकून द्या, वरून धडधाकट दिसली तरी आत कुठं चीर गेली असेल तर कळायचं नाही. पण चांगली दिसणारी सीट टाकली असती तर घरात विचारलं असतं. खरं सांगितलं असतं तर किल्ली काढून घेतली असती. म्हणून त्यांनी नवी सीट आणली आणि जुनी बांधून माळ्यावर टाकली. ती तिथं कायमची राहील, असं त्यांनी धरून चाललं होतं.

बाहेर माणसं खोळंबली होती. ताईनं त्यांची बाही खाली केली आणि म्हणाली, तीनपर्यंत बाकावर बसा, आपण सोबत जाऊ.

चष्मेवालीचा नंबर तिच्या आईच्या फोनचा होता आणि तो बंद लागत होता. दोघं बसस्टँडवर गेले. तिथं चष्म्याची सात दुकानं निघाली. पाचव्यात तिला ओळखणारा मालक भेटला. ती बाळंतपणासाठी सुट्टीवर गेलीय, दुसऱ्या गावी, आईकडे. नंबर द्यायला तो तयार होईना. बायकांचे नंबर आम्ही देत नाही म्हणाला, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. त्यानं स्वतः फोन लावला, कुणी उचलला नाही. ताईनं एका चिठ्ठीवर ठळक लिहून दिलं: सीट वापरू नका, अपघातात सापडलेली आहे, मला माहीत नव्हतं. खाली आपला नंबर घातला. मालकानं चिठ्ठी काचेखाली सरकवली आणि निरोप देतो म्हणाला.

अकरा दिवस काही कळलं नाही. नवरा आधी बापावर चिडला, मग ताईला समजावू लागला. काही झालंच नसेल सीटला, तू उगाच जिवाला लावून घेतेस. अप्पा एकटेच गॅरेजवाल्याकडे जाऊन आले. सीट चांगलीही असू शकेल ना, असं त्यांनी त्याला दोनदा विचारलं. तो म्हणाला, असू शकेल की. नसूही शकेल. तेच तर मी तेव्हा सांगत होतो.

रोज जेवणाच्या सुट्टीत ताई चष्म्याच्या दुकानात फोन करायची. पुढं पुढं मालक तिचा आवाज ऐकला की नुसतंच नाही अजून म्हणायचा.

बाराव्या दिवशी चष्मेवालीचाच फोन आला. मुलगा झाला होता, चार दिवसांपूर्वीच. ताईनं अडखळत, माफी मागत सगळं सांगितलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं," चष्मेवाली म्हणाली.

"हो. मला खरंच माहीत नव्हतं."

"मी माझ्या बाळाला त्यात बसवलंच नाही. आमच्या गाडीचा मागचा पट्टा पुरला नाही. आईनं ती दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईला देऊन टाकली. तिला मुलगी झाली होती, लांब कुठंतरी जायचे होते ते लोक." मग ती म्हणाली, "तिच्या नवऱ्यानंही विचारलं हो, ही अपघातातली नाही ना म्हणून. मी म्हटलं, जिच्याकडून घेतली ती बाई खात्रीची आहे. एकदाही नाही म्हणाली."

त्या लोकांचं नाव चष्मेवालीला माहीत नव्हतं. खाट खिडकीजवळची होती, एवढं तिला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ताई आणि अप्पा तीन तास बसनं त्या गावी गेले. दवाखान्यातल्या कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, पेशंटचं नाव-पत्ता बाहेर देता येत नाही. त्याच्या जागी ताई असती तर तिनंही हेच सांगितलं असतं. कितीदा सांगितलंही होतं. अप्पांनी मात्र हात जोडले. एवढा म्हातारा माणूस समोर वाकलेला बघून कारकून अवघडला. नंबर दाखवणार नाही, पण मी लावून बघतो, म्हणाला.

फोन उचलला गेला. कारकून म्हणाला, दवाखान्यातून बोलतोय, तुम्ही इथून मुलांची कार सीट घेतली होती ना, त्याबद्दल एक बाई आल्यात. पलीकडचा पुरुष काय बोलला ते ताईला ऐकू आलं नाही. कारकुनानं रिसीव्हर खाली ठेवला. तो माणूस म्हणे, असले फसवणुकीचे फोन फार येतात, पुन्हा केलात तर तक्रार करीन. पुन्हा लावला तर वाजत राहिला. तिसऱ्यांदा वाजलाही नाही. कारकुनानं दवाखान्याच्या कॉम्प्युटरवरून मेसेज पाठवला, तोही ताईच्या शब्दांत. पोचला की नाही ते त्याच्या यंत्रावर कळत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये अप्पा खिडकीशी बसले होते. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेतून ते आत डोकावत होते. ताईनं ते पाहिलं. त्यांना रागं भरावं असं तिला बारा दिवस वाटत होतं, पण भरून आता कुणाच्या पदरात काय पडणार होतं? तिनं पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. ते म्हणाले, पोरीचं नावसुद्धा ठेवलं नसेल अजून.

घरी आल्यावर ताईनं सीटचा तोच फोटो पुन्हा ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं की ही सीट कुणाला दिसली तर कृपया कळवा, ती धोक्याची आहे. तासाभरात उत्तरं आली. चौघांनी हात जोडले. एकीनं विचारलं, ताई, अजून आहे का? शेवटची किंमत काय होईल?

गाडीची किल्ली अप्पांनी न मागता मुलाच्या हातात दिली. आता बबडीला ते चालत बालवाडीत नेतात आणि ती वाटेत हट्ट करते, गाडी का नाही म्हणून. दर सोमवारी सकाळी ते त्या कारकुनाला फोन करतात. तो बिचारा अजून उचलतो.

ताई लॅबमध्ये जाते. तान्ह्या बाळांचं रक्त टाचेतून काढावं लागतं आणि ते काम सगळे तिच्याकडेच सोपवतात, कारण तिचा हात हलका आहे. बाळ रडत असतं, आई तोंड फिरवून उभी असते. टाच पुसता पुसता ताई विचारते, कशानं आलात? बहुतेक जण बसनं आलेले असतात. कुणी गाडीनं आलो म्हटलं की ती विचारते, बाळाची सीट कुठून घेतलीत? नवीनच आहे, असं उत्तर येतं, किंवा जावेनं दिली, किंवा आपल्याला काय करायचंय अशा नजरेनं बाई बघते. ताई कापसाचा बोळा टाचेवर धरून ठेवते, रक्त थांबेपर्यंत, आणि पुढचा नंबर पुकारते.