हिरवी डहाळी

दातवणाच्या झाडाची डहाळी बोटांत ओलसर लागत होती – एवढ्या दुष्काळात ही हिरवी राहते कशी, कोण जाणे – आणि सफारीच्या गाडीत पुढे बसलेला म्हातारा वाटाड्या लेतीपिला मागे न वळता म्हणाला, "हे कुठे सांगू नका, बाई. तुम्हालाच वेड्यात काढतील."

मागच्या बाकावर नैरोबीच्या वानजाला बाई होत्या, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना तो सांगत होता, की या रानातली थोरली हत्तीण एकदा त्याच्या तोंडावर अशी शिंकली, की टोपी उडाली ती थेट इसिओलोच्या बाजारात, आणि तिथला टोपीवाला ती त्यालाच विकायला बघत होता. बाई हसल्या. बरं झालं... हसणारा माणूस बाहेर कमी बघतो.

स्टिअरिंगवर अंगठी वाजली. दोनदा. म्हणजे उजवीकडे.

"उजवीकडे जिराफ," म्हणत त्यानं मान वळवली. तिकडे सगळं ताकासारखं पांढरं होतं, वरच्या अंगाला काहीतरी हलत होतं.

गाडी चालवणारी नासिएकू त्याच्या बहिणीची मुलगी. गेल्या उन्हाळ्यात तो मोकळ्या माळाला सिंहीण म्हणाला, त्या दिवसापासून ही टकटक सुरू झाली. एक डावी, दोन उजवी, हेसुद्धा कधी ठरलं नव्हतं – ठरवायचं तर आधी बोलावं लागलं असतं. डोळ्यांवरची ही मोतीबिंदूची साय कॅम्पवर कळली, की वाटाड्याचं काम संपलं. मग घरापुढे तीन पायांच्या स्टुलावर बसायचं, म्हाताऱ्यांत खड्यांचा डाव मांडायचा... आणि तिथं माझं ऐकणार कोण? गावाला माझ्या थापा पाठ आहेत.

कोरड्या नदीच्या वळणावर गाडी थांबली. थोरली हत्तीण दोन वर्षांपूर्वी इथंच मरून पडली होती, तिची कवटी इथंच होती. त्याच्या लोकांत हत्ती नात्यातले, त्यांच्या हाडांवर हिरवी डहाळी ठेवल्याशिवाय पुढे जायचं नाही. पाहुण्यांना उतरायची बंदी, त्याला मात्र एवढ्यापुरती मुभा. दिवसभरात तो जे काही बोले, त्यात ही एकच गोष्ट थाप नव्हती. हिच्या जोरावर बाकीच्या थापा चालायच्या, असंही त्याला कधीकधी वाटे.

बारा पावलं. पुढ्यात पांढरं, गोल, ओळखीचं. तो वाकला, डहाळी ठेवली, तळहात टेकवून पुटपुटला, "बाई गं, थंड नीज." मग गाडीतल्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं, "अजून हुंकार देते ही मला."

मागे बाई खिडकीतून बाहेर वाकल्या.

"आजोबा," वानजाला बाई म्हणाल्या, वर्गात चुकलेल्या मुलाशी बोलावं तशा हळू, "तो गारगोटीचा धोंडा आहे. कवटी पलीकडे दिसतेय, झुडपाशी."

त्यानं हात उचलला नाही. बोटांखाली काहीतरी कुरकुरलं – वाळलेली डहाळी. तिच्याखाली आणखी एक. बाजूला ढीगच होता, हात लागेल तिथे चुरा होत जाणारा... म्हणजे रोज. रोज तो इथं वाकला, आणि रोज नासिएकू काचेतून बघत राहिली, आणि हत्तीण पलीकडे उघडी पडून राहिली.

रागवायचं तर कुणावर, ते त्याला सुचेना. गाडीकडे पाठ करून तो कान देऊन उभा राहिला – कवटी कुठल्या अंगाला, एक की दोन, एवढं कळलं तरी पुरे होतं.

अंगठी वाजत नव्हती.