काळी पाचची पट्टी

उत्तमचं पत्र जूनमध्ये आलं आणि गुणवंतरावांनी त्याला उत्तर दिलं नाही. विसरले म्हणून नव्हे. पत्राला उत्तर न देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. वर्तमानपत्राच्या संपादकाने साभार परत पाठवलेल्या लेखालाही ते आभाराचं कार्ड टाकत. पण हे पत्र त्यांनी वाचलं, घडी घातली आणि शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवून दिलं.

पत्र चिपळूणहून आलं होतं. मजकूर थोडाच. ‘गुण्या, माझी नात सुरुची तुमच्या कॉलेजात बी. ए. संगीताला येतेय. मामाकडे राहील, भाईंदरलाच, इंद्रलोक वस्तीत. कुठला वृंद घ्यावा, नियम काय, ते तू बघ. तुझ्याइतकं ते कोणाला पाठ नसेल. पोरीचा गळा खालचा आहे, पांढरी चार. बाकी जुनं ते सोडून दे. उत्तम.’

जुनं ते सोडून दे! चाळीस वर्षांवर काळ लोटला, आणि याने चार शब्दांत ते झाडून टाकलं, दारातला कचरा लोटावा तसं.

जुनं होतं ते एवढंच. गिरगावात दोघे एकाच गुरुजींकडे गाणं शिकायचे. शिष्यवृत्तीची स्पर्धा होती, गायला दोघेही उतरलेले, हॉल भरलेला. गुणवंतच्या साथीला पेटीवर उत्तम. गाणाऱ्याचा सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर धरायचा ते साथीदाराला आधी सांगायचं असतं, आणि तंबोरे त्याप्रमाणे लावायचे असतात. गुणवंतची पट्टी काळी एक. तो गायला बसला, तंबोरा सुरू झाला. पट्टी काळी दोन होती, पूर्ण एक स्वर वर. समोर गुरुजी, परीक्षक, दोनशे माणसं. थांबा, पट्टी खाली घ्या, एवढं म्हणायला जी छाती लागते ती देवाने त्याला दिली नव्हती. उत्तम पेटीवरून कुजबुजला, “चढेल रे, चढेल.” गुणवंत गायला. तार सप्तकात गळा फाटला, आणि कोपऱ्यातून कोणीतरी हसलं.

शिष्यवृत्ती उत्तमला मिळाली. पुढे तो उत्तमबुवा झाला.

पण खरी जखम ती नव्हती. हॉलबाहेर गुणवंतने विचारलं, तेव्हा उत्तम डोळे मोठे करून म्हणाला होता, “तूच काळी दोन म्हणालास की!” आणि गुणवंतला आठवेना. म्हणालो असेन का? घाबरलो होतो. म्हणालोही असेन. नाहीतरी माझा गळा असा कितीसा होता? ती शंका त्यांनी आयुष्यभर पोसली. गाणं सोडलं, ग्रंथपाल झाले, निवृत्तीनंतर भाईंदरला राहायला आले. तिथल्याच खारी गावाच्या रस्त्यावरच्या एका छोट्या संगीत महाविद्यालयाला कोणीतरी नियम समजावून सांगणारा माणूस हवा होता, तेव्हा तिथे वाचनालयाच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसले. विद्यापीठाची नियमावली त्यांना प्राध्यापकांपेक्षा जास्त ठाऊक होती. गाण्याबद्दल मात्र ते चकार शब्द काढत नसत.

सुरुची जुलैत आली. उंच, सावळी, आजोबांसारखीच रुंद कपाळाची. आवाज असा, की नुसतं “सर, आत येऊ?” म्हणाली तरी खोलीतल्या भांड्यातलं पाणी हलावं.

“सर, माझं जाम कन्फ्युजन होतंय. मुख्य विषय गायन. मग हे वृंदाचं काय?”

“वृंद सक्तीचा आहे,” गुणवंतराव म्हणाले. “एक निवडायचा आणि तीन वर्षं तोच. त्याचे तास भरले नाहीत तर शेवटच्या वर्षी मंचावरच्या परीक्षेला बसता येत नाही. मंचाची परीक्षा नाही तर पदवी नाही.”

“आणि चुकीचा घेतला तर?”

“दिवाळीच्या सुट्टीआधी बदलता येतो. माझी शिफारस लागते. त्यानंतर नाही.”

हे सगळं खरं होतं. आता पुढचं. मुलींसाठी दोन वृंद होते. एक मिनल मॅडमचं वृंदगान. फक्त मुली, निळ्या काठाच्या साड्या, आंतरमहाविद्यालयीन बक्षिसं. पट्टी काळी पाच, पांढरी चारपेक्षा बरीच उंच, आणि ती मिनल मॅडम देवासाठीही बदलत नसत. दुसरा लवू सरांचा भजनीवृंद. तिथे आसपासच्या खारी-काशीगावची आणि कोकणातल्या घरांतली मुलं टाळ घेऊन बसत, मुलगे-मुली एकत्र, म्हणून दोघांना मधली पडेल अशी पांढरी चार धरत. बाकीच्या मुली तिकडे फिरकत नसत. टाळ कुटायला बी. ए. कशाला करायचं, असं त्यांचं म्हणणं.

भजनीवृंद. सुरुचीच्या गळ्यासाठी बेतून शिवल्यासारखा. एक शब्द बोलायचा होता.

“वृंदगान घे,” गुणवंतराव म्हणाले. “सगळ्या मुली तेच घेतात.”

“पण सर, काळी पाच मला...”

“चढेल,” ते म्हणाले. “सरावाने गळा चढतो.”

ती आभार मानून गेली. गुणवंतराव खिडकीशी जाऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा आपण कुणाला तरी काही केलं, असं त्यांना वाटलं. संध्याकाळी त्यांनी स्वतःसाठी पावशेर जिलबी नेली आणि एकट्याने खाल्ली.

वृंदगानाची खोली वाचनालयाच्या बरोबर वर होती. मंगळवारी आणि शुक्रवारी ते पुस्तक उघडून, एकही ओळ न वाचता वरचं ऐकत बसत. पंधरा-सोळा पातळ आवाज सरळ वर जायचे आणि त्यांच्यामागून एक जाड आवाज धापा टाकत चढायचा. ऑगस्टमध्ये तो चढायचा. सप्टेंबरमध्ये अर्ध्यावर थांबायचा. गणपतीनंतर त्यात खरखर आली. गुणवंतराव मनात म्हणायचे, ऐक उत्तम, ऐक. आणि घरी जाऊन शांत झोपायचे.

मध्ये एकदा त्यांना वाटलं, पोरीचा काय दोष? पण लगेच दुसरं मन म्हणालं, माझा काय होता?

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी वरचं गाणं अचानक तुटलं. जाड आवाज तार षड्जाला फाटला, अगदी मधोमध, जुनं धोतर टरकावं तसा. हशा झाला. मग मिनल मॅडमचा आवाज जिन्यापर्यंत आला.

“सुरुची, बेटा, तू स्पर्धेत नुसते ओठ हलव. समजलं ना? सूर लावू नकोस. ओठ.”

पुन्हा हशा.

थोड्या वेळाने ती खाली आली. रडली नव्हती. गळ्याला रुमाल गुंडाळलेला, बोलणं घोगरं.

“सर, बी. ए. सोडून दिलं तर फी परत मिळते का? नियम काय आहे?”

“का?”

“माझाच गळा कमी आहे, सर. बाकी सगळ्या गातात की. मॅडमनी तरी किती सांभाळून घ्यायचं? उगाच मोठी गायिका व्हायला निघाले होते.”

गुणवंतरावांच्या हातातली पेन्सिल टेबलावर पडली. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. अक्षरन् अक्षर. माझाच गळा कमी. ते त्यांनी गिरगावात म्हटलं होतं, ग्रंथालयाच्या कपाटांमध्ये म्हटलं होतं, परवा दाढी करतानाही म्हटलं होतं. आणि समोर बसलेल्या या मुलीचा गळा कमी नाही हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण तो बिघडवणारे तेच होते.

म्हणजे असं होतं तर. चुकीच्या पट्टीत बसवलेला माणूस पट्टीला दोष देत नाही. तो स्वतःलाच खात बसतो. चांगल्या गळ्याचाही.

“आजोबांना सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“फोन केला होता. म्हटलं, काळी पाचमध्ये बसवलंय. त्यांनी विचारलं, कोणी बसवलं? म्हटलं, गुणवंत सरांनी. मग...”

“मग काय?”

“काहीच नाही. गप्पच झाले. एवढे बोलणारे माझे आजोबा! म्हणाले, ठीक आहे, आणि फोन ठेवला.”

ज्याने काही केलेलंच नाही तो माणूस नातीच्या गळ्याचं मातेरं होताना ऐकून गप्प बसेल? तो टॅक्सी करून येईल, टेबलावर मूठ आपटेल, गुण्या, तुला अक्कल आहे का, म्हणून ओरडेल. उत्तम गप्प बसला, कारण त्याला हिशेब कळला होता. आणि तो त्याने पोरीला फेडू दिला. तेव्हाही दुसऱ्याच्या गळ्यावर, आत्ताही दुसऱ्याच्याच.

त्यांना असा संताप आला की कानशिलं तापली. आणि संतापाच्या तळाशी, लाज वाटावी असा, निखळ आनंद होता.

“फी परत मिळत नाही,” ते उठत म्हणाले. “चल माझ्याबरोबर.”

लवू सर तळमजल्यावर टाळांच्या दोऱ्या बदलत बसले होते. गुणवंतरावांना पाहून चमकले. “काय हो सर, वाट चुकलात?”

“ही सुरुची. आजपासून तुमच्याकडे. शिफारस मी देतो.”

“मिनल मॅडमच्या वृंदातली पोरगी? मॅडम मला खातील!”

“मला खातील. तुम्ही पेटी काढा. पांढरी चार. आणि हिला एकदम गायला लावू नका, पंधरा दिवस नुसतं बसू दे. गळा सुजलाय.”

लवू सरांनी पट्टी दिली. नको म्हटलं तरी सुरुचीने अगदी हलकेच सा लावला. घोगरा, दुखरा, पण तो जमिनीवर पाय टेकल्यासारखा बसला. टाळवाल्या मुलांपैकी एकजण म्हणाला, “आयला, ही तर आमच्या गावच्या भजनी बुवांपेक्षा खाली जाते!”

मिनल मॅडम खरोखरच वाचनालयात येऊन तणतणल्या. गुणवंतराव खाली मान घालून ऐकत राहिले, पण शिफारशीवरची सही त्यांनी मागे घेतली नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा फार लांब झाला, दुसरा फार सभ्य. तिसरा असा:

‘उत्तम,

तुझी नात चार महिने काळी पाचमध्ये गात होती. मी बसवलं होतं, जाणूनबुजून. तुला ते फोनवर कळलं आणि तू गप्प बसलास. त्यामुळे मला जे कळायचं ते कळलं. मी केलं ते नीच होतं, आणि तिला ते मी स्वतः सांगणार आहे. का केलं, तेही सांगणार आहे. तिला काय उत्तर द्यायचं ते तू ठरव.

आता ती भजनीवृंदात आहे, पांढरी चारमध्ये. तिसऱ्या वर्षी मंचाची परीक्षा असते. साथीदार विद्यार्थ्याने आणायचा असतो, नियम तसा आहे. पेटीवर तू बसायचंस. ती पट्टी सांगेल ती धरायची, आणि धरण्याआधी सगळ्यांना ऐकू येईल अशी मोठ्याने म्हणायची. मी पहिल्या रांगेत असेन. तोवर मरू नकोस. मीही मरत नाही.

मी काळी एकच म्हणालो होतो.

गुणवंत’

शेवटची ओळ लिहिल्यावर त्यांना सवयीने वाटलं, इतकं ठामपणे लिहावं का? मागे एक ‘बहुधा’ घालावा का? त्यांनी पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना ते पोस्टाच्या पेटीपाशी थांबले, पाकीट आत सोडलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकूनच पुढे निघाले. सुरुची दहाला येणार होती.